मामा किती उंच उडाला

“यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही,” मामा म्हणाला आणि सिंहासनात ऐसपैस रेलला. “आणि कुणी ठेवलाच, तर मला त्याची काळजी वाटेल.”

सिंहासन प्लायवूडचं होतं. सोनेरी रंगाचे पोपडे निघाले होते, डावीकडच्या सिंहाला कान नव्हता आणि बसलं की मागचा एक पाय कुरकुरायचा. पण रंगमंचामागे चहाची वेळ झाली की त्यावर बसायचा हक्क मामाचा. बाकीच्यांनी उलट्या बादलीवर, रंगाच्या डब्यावर, जमेल तिथे टेकायचं.

मामाचं काम दोर ओढायचं. नाटकात महाल जातो नि जंगल येतं, चंद्र उगवतो, ढग उतरतो, ते सगळं मामा विंगेत उभा राहून करायचा. आख्खं नाट्यगृह त्याला मामाच म्हणायचं, पण सख्खी भाची एकच, ती चिंगी. थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळी उशीर झाला तर रस्ता वाटेत झोपला होता म्हणायचा, आणि ते इतक्या गंभीरपणे की ऐकणाऱ्याला क्षणभर रस्त्याचीच दया यावी.

सिंहासनाचा एक कायदा होता. मामाची थाप जो पकडेल, सिंहासन त्याचं. पण नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून भागायचं नाही, ते तर शेंबडं पोरही सांगेल. खरं कुठे संपलं आणि थाप नेमकी कुठून सुरू झाली त्या जागेवर बोट ठेवायचं, आणि का तेही सांगायचं. चुकलं तर सगळ्यांचे कप विसळायचे. नेपथ्य बनवणाऱ्या सुताराने आजवर इतके कप विसळले होते की बायकोला त्याचा सुगावा लागला, आणि आता घरची भांडीही त्याच्याच गळ्यात पडली होती.

चिंगीचं मात्र आज मामाकडे लक्ष नव्हतं. आई दिवसभर शिलाई मशीन चालवते, घरात अभ्यास होत नाही, म्हणून ती इथे येऊन बसायची. उद्या सकाळी तिची भौतिकशास्त्राची फेरपरीक्षा होती. त्यातही गटांगळी खाल्ली तर विज्ञान शाखा सोडायची, असं शाळेने सांगून टाकलं होतं. आणि विज्ञान सुटलं की क्रेनही सुटली. चिंगीला क्रेन बनवायच्या होत्या. खिडकीसमोर एक इमारत उभी राहत होती तेव्हा ती लहानपणी जेवायचं विसरून क्रेनकडे बघत बसे, आणि आई ताट घेऊन तिच्यामागे उभी असे.

सगळं घोडं अडलं होतं ते कप्पीच्या गणितांवर. कप्पीवरून दोर गेला आहे, एका टोकाला हे वजन, दुसऱ्या टोकाला ते, सोडून दिलं तर वेग किती? चिंगी बाण काढायला बसायची. वजनाचा बाण खाली, दोराच्या ताणाचा बाण वर, पलीकडे तोच ताण पुन्हा, मग अधिक की उणे, आणि मग कपाळाला हात. कालच्या गणितात तिच्या हलक्या बादलीने जड बादलीला वर उचललं होतं.

“मी आईला सांगणार आहे,” ती पुस्तक मिटून म्हणाली. “मी परीक्षेला बसत नाही. बसून नापास होण्यापेक्षा न बसलेलं बरं.”

“सांग की,” मामा म्हणाला. “पण आधी ऐक. तुझ्या कप्पीचीच गोष्ट आहे, आणि ह्याच सिंहासनाची. हे माझ्याकडे कसं आलं, ठाऊक आहे कुणाला?”

“भंगारात निघालं होतं, तुम्ही उचलून आणलंत,” सुतार म्हणाला.

“भंगारात,” मामाने मान हलवली. “कप विसळायची एवढी घाई बरी नव्हे. मावशी, तुम्ही होतात ना तेव्हा?”

रंगपटातले कपडे सांभाळणाऱ्या मावशी राजाच्या झग्याला बटण लावत होत्या. “होते की. कुठल्या दिवसाचं म्हणताय, तुम्ही पडदा फाडलात त्या की माझी आकडी नेलीत त्या?”

“ढगाच्या दिवसाचं.”

“म्हणजे आकडीच्याच,” मावशी म्हणाल्या. उंच टांगलेले कपडे काढायची त्यांची एक लांबलचक काठी होती, टोकाला लोखंडी आकडी असलेली. “तेव्हापासून ती वाकडी आहे. अजून झगा काढायला गेले तर शेजारचा पायजमा येतो.”

“आकडीचा इथे काही संबंध नाही,” मामा जरा घाईने म्हणाला. “तर, नाटकात राजा आकाशातून ढगावर बसून उतरायचा. ढग फळ्यांचा, वर कापूस. ढगाचा दोर वर छतातल्या कप्पीवरून जायचा आणि पलीकडच्या टोकाला वाळूचं पोतं. राजा पंचाहत्तर किलो, ढग पंधरा, पोतं नव्वद. तोलाला तोल. मी बोटाने ढकललं की राजा पिसासारखा खाली. राजा खाली आला की पोतं वर, दहा मीटरवर. मग मी ढग जमिनीला बांधायचा, आणि मगच राजाने पायउतार व्हायचं. असा नेम.”

“आणि त्या दिवशी?” सुताराने विचारलं.

“त्या दिवशी राजाला टाळी आली. खाली टेकतोय तोच टाळी. टाळी आली की नटाला कसला नेम आणि कसलं काय? उतरला हा, आणि चालला प्रेक्षकांकडे छाती काढून. इकडे ढग रिकामा. वर नव्वद किलोचं पोतं, खाली पंधरा किलोचा ढग. ढग सुटला असता तर पोतं थेट राजाच्या मुकुटावर. मी मागचा पुढचा विचार केला नाही. घेतली उडी ढगावर, त्याला धरून ठेवायला.”

“तुमचं वजन केवढं होतं तेव्हा?”

“पंचेचाळीस.”

“पंचेचाळीस तर आता नुसतं पोट आहे,” मावशी म्हणाल्या.

“तेव्हा मी काडी होतो. वारा असला की आई मला बाहेर सोडायची नाही. तर पंचेचाळीस मी, पंधरा ढग, झाले साठ. वर नव्वद. पुढचं काय सांगू? सुटलो वर. राजा ‘माझ्या प्रजाजनांनो’ म्हणतोय आणि त्याच्या पाठीमागून मी चाललोय. अर्ध्या वाटेत पोतं भेटलं. ते खाली, मी वर. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.”

“पोत्याला मान?” सुतार म्हणाला.

“दोराने आवळतात त्याला तू काय म्हणतोस, कंबर? मान वळवली, आणि गेलं. मग खाली आवाज झाला, धप्प. पोतं राजाच्या टाचेमागे वीतभर अंतरावर पडलं. राजाला वाटलं, तोफेची सलामी.”

चिंगी नकळत ऐकत होती. साठ आणि नव्वद, मध्ये कप्पी, दहा मीटर. पुस्तकातल्यासारखंच होतं, फक्त बादलीच्या जागी मामा होता. सुताराच्या कानामागचा खडू तिने मागून घेतला. शेजारी रंगवलेल्या किल्ल्याची मागची बाजू उभी होती, कोरं लाकूड. तिने त्यावर कप्पी काढली, एका बाजूला पोतं, दुसऱ्या बाजूला दोन पायांचा मामा. मग बाण. ताण वर, वजन खाली, ताण पुन्हा वर, अधिक, उणे.

उत्तर आलं तसं मामाने वाकून पाहिलं. “काय म्हणतंय गणित?”

“तू खाली गेलास,” चिंगी म्हणाली. “जमिनीतून.”

“तळघरात माझं काय काम?” मामा म्हणाला, आणि सुताराला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. चिंगीने हाताने सगळं पुसून टाकलं. तिचे डोळे भरून आले होते, ते मावशींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून बटणाचा दोरा दाताने तोडला.

तेवढ्यात समोरून दिग्दर्शकाचा आवाज आला, “मामा, तालीम सुरू. जंगल वर घ्या.”

“चिंगे, तू घे,” मामा म्हणाला. “माझा चहा राहिलाय.”

“एवढं मोठं जंगल? मला उचलवेल?”

“तुला काही उचलायचं नाही. उचलणारा वर बसलाय.”

चिंगीने गाठ सोडली आणि दोर हातात घेतला. कापडावर रंगवलेलं जंगल रंगमंचाएवढं रुंद होतं, खाली जाड लाकडी दांडा, दोन माणसांना हलणार नाही असं. तिने दोर हलकेच ओढला, आणि जंगल उठलं. मुळं उठली, झुडपं उठली, एक हरीण तिच्या नाकासमोरून वर गेलं. हाताला काही म्हणता काही लागत नव्हतं. वरून, भिंतीच्या कडेने, वाळूचं पोतं त्याच चालीने उतरत होतं. जंगल हातभर वर की पोतं हातभर खाली. ती थांबली की दोघंही थांबायची.

दोर हातात धरूनच ती उभी राहिली. बाईंनी वर्गात काय सांगितलं होतं? सगळ्यांना कळलं होतं आणि तिला नव्हतं, ते. दोराचं काय घेऊन बसलीस, दोर हा निरोप्या आहे. इकडचं तिकडे पोचवतो, वाटेत काही खात नाही आणि पदरचं काही घालत नाही. त्याला सोड. फक्त बघ, खाली येणाऱ्याने किती गमावलं आणि वर जाणाऱ्याने किती घेतलं. उरलं ते कुठे जाणार? वेगात.

पोतं उतरून जंगलाला देत होतं. सगळंच्या सगळं देत होतं, म्हणून हाताला काही लागत नव्हतं आणि वेगही येत नव्हता. पण समोर जंगल नसून मामा असता तर?

तिने दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि किल्ल्यापाशी परत आली. या वेळी एकही बाण काढला नाही.

मामा तोवर रंगात आला होता. “पोतं टेकलं म्हणजे मी थांबलो असं तुम्हाला वाटलं असेल. पण मला वेग लागलेला. दोर सैल पडला, आणि मी आपला चाललोय वर. ढग जिथे थांबायचा तिथून छताचा झरोका चांगला पाच मीटर वर. झरोक्यातून मी बाहेर.”

“थांबा,” सुतार म्हणाला आणि डब्यावरून उठला. “इथेच आहे थाप. तो झरोका मी पाहिलाय, त्यातून मांजर जायची मारामार.”

“तेव्हा मोठा होता. मी गेल्यावरच लहान करून घेतला, पुन्हा कुणी जाऊ नये म्हणून.”

सुतार रिकामे कप गोळा करायला लागला.

“बाहेर काय ऊन होतं,” मामा म्हणाला. “खाली गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी, एक बाई केस पुसत होती ती माझ्याकडे बघून आत गेली. समोर घड्याळाचा मनोरा. म्हटलं, आता आपटणार. तर हाताला मोठा काटा लागला. लटकलो त्याला. माझ्या वजनाने काटा उतरला खाली, आणि शहरभर अर्धा तास लवकर झाला. कचेऱ्या सुटल्या.”

“म्हणून त्या दिवशी मला घरी लवकर सोडलं होय,” मावशी म्हणाल्या.

“बघा, साक्षीदार. मग काट्यावरून हात सुटला, आणि आलो त्याच वाटेने, त्याच झरोक्यातून, थेट खाली. खाली हे सिंहासन. राजाचं भाषण नुकतंच संपलेलं, तो मागे न बघता बसायला वाकतोय, आणि मी त्याच्या आधी बसलो. टाळ्यांचा नुसता कडकडाट. ज्याला टाळी त्याचं सिंहासन. झालं.” मामाने सिंहाच्या उरलेल्या कानावर हात फिरवला. “आता बोला.”

मागे खडूचा आवाज येत होता.

“चिंगे, काय कोरतेस?”

“एक मिनिट, मामा. पोतं नव्वद किलोचंच होतं ना? नक्की?”

“मी स्वतः भरलेलं.”

“आणि दहा मीटर?”

“एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. मी वजनमापात कधी थाप मारत नाही. मारली तर पुढची थाप उभी कशावर राहील?”

“मग ठीक आहे,” चिंगी म्हणाली. “नव्वद किलोचं पोतं दहा मीटर खाली आलं. नव्वद गुणिले दहा, गुणिले गुरुत्वाकर्षणाचे दहा, म्हणजे त्याने नऊ हजार ज्यूल गमावले. तू आणि ढग मिळून साठ किलो, दहा मीटर वर गेलात. तुम्ही सहा हजार घेतले. मधे दोर, तो काही खात नाही. उरले तीन हजार.”

“उरले ते माझे,” मामा म्हणाला.

“सगळे तुझे कसे? एकाच दोराला बांधलेले होतात, दोघांचा वेग एकच. तू पळत होतास तसं पोतंही पळत होतं. जितकं वजन तितका वाटा. तीन हजारांतले अठराशे पोत्याचे.”

“ते गेले कुठे मग?” सुताराने हातातले कप तसेच धरून विचारलं.

“धप्प झाले,” चिंगी म्हणाली. “ती तोफेची सलामी झाली ना, तीच. मामाकडे राहिले बाराशे. पोतं टेकल्यावर त्याला वर ढकलायला कुणी उरलं नाही. बाराशेत साठ किलो जेवढे वर जातील तेवढेच जाणार.” तिने शेवटचा भागाकार केला, उत्तराखाली रेघ मारली, आणि मागे सरकून एकदा वरून खालपर्यंत वाचलं. उणं चिन्ह कुठेच नव्हतं. मामा वर जात होता, पोतं खाली येत होतं, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं.

“किती आलं?” मावशींनी सुई हवेतच धरली होती.

“दोन मीटर.”

मामा सिंहासनात सरळ बसला. मागचा पाय कुरकुरला. “अगं, पण मी वरून उडीसुद्धा मारली असेल की. कप्पीला तेल घातलं होतं. तेल लागलं की कप्पी कशी पळते, तुझ्या पुस्तकात असतं का ते?”

“तेल मी धरलंच आहे. कप्पी अजिबात घासली नाही असं धरून दोन मीटर. घासली असेल तर त्याहून कमी. आणि उडी कशावरून मारणार, मामा? सैल दोराला लटकलेला ढग तो. तू त्याला खाली लाथ मारणार आणि तो पंधरा किलोचा. पाच मीटरवरच्या झरोक्याला तुझं डोकं काही लागत नाही.”

“आता सांग,” सुतार हळूच म्हणाला. “थाप कुठून सुरू होते ते सांग. बोट ठेव.”

चिंगीने खरंच बोट ठेवलं. किल्ल्याच्या पाठीवर, खडूच्या मामाच्या डोक्याच्या जरा वर.

“इथून. राजा उतरला ते खरं, तू ढगावर उडी घेतलीस ते खरं, धप्प झालं तेही खरं. दोन मीटर उडालास, तेही खरं. तिथून वरचं सगळं खोटं, झरोका, चादरी, मनोरा, केस पुसणारी बाई.”

“बाईसुद्धा?” मामाने पडत्या आवाजात विचारलं.

“बाईसुद्धा. आणि सिंहासनावर तर तू पडलाच नाहीस. तू खाली येणारच कसा? पोतं तुझ्याहून जड, ते जमिनीवर बसलेलं. दोन मीटर वर गेलास, तेवढाच परत आलास, दोर ताठ झाला आणि वरच लोंबकळत राहिलास. राजाचं भाषण संपेपर्यंत तिथेच होतास, ढगावर बसून. आणि मग बाजूच्या उंच मचाणावरून कुणीतरी मावशींच्या आकडीने तुझा पट्टा धरून तुला ओढून घेतलं. म्हणून ती वाकडी आहे. ऊठ मामा, मला बसायचंय.”